टेप धरायला मामा: मुंबई विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत तीन दिवस

बहिणीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर हरभऱ्याची डाळ उन्हात पसरत होतो. म्हणाली, "दादा, पोरीला टेप धरायला माणूस पाहिजे. येतोस का?"

भाची वास्तुकला शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने सगळ्यांना जुन्या इमारतींचा एकेक तुकडा वाटून दिलेला. तो स्वतः मोजायचा आणि कागदावर उतरवायचा. हिच्या वाट्याला मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या ग्रंथालयाची कमानींची पडवी आली होती. परवानगीचं पत्र हातात, तारखा ठरलेल्या आणि जोडीदारीण तापाने आडवी.

सार्वजनिक बांधकाम खात्यात माझी तेहेतीस वर्षं गेली. त्यातली निम्मी टेपचं टोक धरण्यात आणि उरलेली निम्मी मोजमाप पुस्तक भरण्यात. या कामाला माझ्याइतका लायक माणूस साताऱ्यात दुसरा नसेल. रात्रीच्या एसटीने निघालो.

पहिला दिवस

डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून चालत. हुतात्मा चौक ओलांडून हायकोर्टाच्या बाजूने ओव्हल मैदानाकडे वळलो आणि रस्त्याच्या नावाची पाटी पाहून थांबलोच. कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. माझे वडील अण्णांच्या बोर्डिंगात शिकले. 'कमवा आणि शिका' हे त्यांच्यासाठी भिंतीवरचं वाक्य नव्हतं, सुट्टीत खडी फोडून त्यांनी वह्या घेतल्या होत्या. देशातल्या सगळ्यात जुन्या तीन विद्यापीठांपैकी एकाच्या दारातला रस्ता आमच्या अण्णांच्या नावाचा आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं. पूर्वी याला मेयो रोड म्हणायचे.

"मामा, पाटीचा फोटो नंतर काढ, आधी इमारत बघ," भाची म्हणाली.

बघितली. आवारात दोन इमारती. उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला, दीक्षांत सभागृह. त्याच्या डावीकडे ग्रंथालय आणि ग्रंथालयाच्या पोटातून सरळ वर गेलेला राजाबाई मनोरा. दगड पिवळसर, भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. हा कुर्ल्याचा दगड. आमच्याकडे दगड म्हणजे काळा पाषाण. तो घडवताना टाकीचं टोक बोथट होतं, आणि पाथरवटाचा स्वभावही. त्यामुळे आमची जुनी देवळं-वाडे अंगाने भरीव, नक्षीला बेताचे. इथे मात्र दगडाची पानं झालीत, वेली झाल्यात, कोपऱ्याकोपऱ्यातून तोंडं बाहेर आलीत. त्या काळात मुंबईत बारीक नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड गलबतांतून आणत. तो ओल्या साबणासारखा कापला जातो. पण त्याचा तोटाही तोच: समुद्राचा खारा वारा त्याला हळूहळू खातो.

मग मी माझ्या सवयीचा पहिला प्रश्न विचारला. वर्ग कुठे आहेत?

नाहीत. मुळात नव्हतेच. या इमारतीचं कोडं इथेच सुटतं, म्हणून जरा थांबून सांगतो. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ ला स्थापन झालं, उत्तरेत उठाव पेटलेला असताना. ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होतं. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. स्वतः शिकवायला विद्यापीठाने सुरुवात केली ती विसावं शतक उजाडल्यावर. त्यामुळे त्याला इमारत हवी होती ती दोनच कामांसाठी: पदवी द्यायला एक दिवाणखाना आणि पुस्तकं ठेवायला एक खोली. बाकी हिशेब सोपा. शंभर वर्गांचा पैसा दोन खोल्यांवर ओतला तर जे होईल ते हे.

आणि सुरुवातीची सतरा वर्षं तेही नव्हतं. १८६२ साली पहिले चार बी.ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांच्या पदवीच्या वेळी ही इमारत कागदावरसुद्धा नव्हती. विद्यापीठाचं बिऱ्हाड तेव्हा टाउन हॉलमध्ये होतं.

पैसा आला तो कापसातून. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या दलालांच्या घरी सोन्याचा पाऊस पडला. त्याच वेळी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी फोर्टचा जुना कोट पाडायला घेतला, जागा मोकळी झाली. १८६३ मध्ये कावसजी जहांगीर यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. या पारशी घराण्याला लोक 'रेडीमनी' म्हणत. रोख पैसा कायम हाताशी, म्हणून. पुढे तेच आडनाव झालं. आवारात त्यांचा पुतळा आहे, थॉमस वूलनर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला.

नकाशा काढला सर गिल्बर्ट स्कॉट यांनी. लंडनचे त्या काळातले गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या जुन्या चर्चसारख्या, शैलीतले सगळ्यात नावाजलेले वास्तुविशारद. सेंट पँक्रास स्टेशनासमोरचं हॉटेल यांचंच, ग्लासगो विद्यापीठाची इमारतही यांचीच आणि तीही साधारण याच वर्षांतली. साहेब मुंबईला आयुष्यात एकदाही आले नाहीत. लंडनमध्ये बसून कागद काढले, ते बोटीने इकडे आले.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी आला तो कागद उघडणारा माणूस. मुंबईच्या दमट हवेत गुंडाळी सोडतोय, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवतोय आणि वाकून बघतोय. आयुष्यभर मी तेच केलं. पुण्याहून, मुंबईहून नकाशे यायचे. साइटवर ओढा कुठून जातो आणि मुरूम किती खोल आहे याची त्या नकाशाला खबर नसायची. ती त्याला आम्ही द्यायची.

दुपारी सभागृह उघडलं. आत कसलीशी खुर्च्या मांडायची गडबड चालू होती, त्या ओघात आम्हाला अर्धा तास मिळाला. एका जुन्या इंग्रजी मार्गदर्शिकेत मापं दिली आहेत: लांबी १०४ फूट, रुंदी ४४, छताच्या टोकापर्यंत उंची ६३. आकडे वाचून काही कळत नाही. आत उभं राहिलं की मान आपोआप मागे जाते आणि आपण हळू आवाजात बोलायला लागतो. समोर अर्धगोल गाभाऱ्यासारखी जागा आहे, तिच्यापुढे भली थोरली टोकदार कमान. चर्चमध्ये जिथे वेदी असते तिथे इथे कुलगुरूंची खुर्ची. तिन्ही बाजूंनी वर सज्जा आहे, बिडाच्या नक्षीदार घोड्यांवर, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या आधारांवर, तोललेला. एकूण धाटणी तेराव्या शतकातल्या फ्रेंच चर्चची. परमेश्वर तेवढा वगळलाय.

पण मला आवडलं ते गोल खिडकीचं चक्र. रंगीत काचांत बारा राशी आहेत. मी माझी कन्या शोधायला लागलो, भाची तिची वृश्चिक. फ्रेंच चर्चच्या धाटणीत, पारशाच्या पैशाने बांधलेल्या सभागृहात आपल्या राशी कशा, असं क्षणभर वाटलं खरं. पण मेष-वृषभ ही मंडळी ग्रीकांकडून तिकडे युरोपातही गेली आणि इकडे आपल्या पंचांगातही आली. दोन शाखांचे भाऊबंद मुंबईत भेटले, एवढंच. दुपारच्या उन्हात त्या चक्राचे लाल-निळे ठिपके फरशीवर सांडले होते आणि एक शिपाई त्यांच्यावरून खुर्च्या ओढत होता.

हे सभागृह १८७४ साली पुरं झालं. खर्च पावणेचार लाखांच्या वर गेला. देणगी एक लाखाची. अंदाजपत्रक आणि अंतिम देयक यांचं नातं तेव्हाही असंच होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

दुसरा दिवस

कामाचा दिवस. नऊ वाजता पडवीत हजर.

भाचीने लेसरचं मोजणीयंत्र आणलं होतं. घरात ते झकास चालतं. इथे उघड्या पडवीत, लख्ख उन्हात, तो लाल ठिपका कुठे पडलाय ते दिसेचना. दहा मिनिटं ती ठिपका शोधत होती आणि मी तोंडातून अक्षर न काढता पिशवीतून माझी तीस मीटरची फितीची टेप काढत होतो.

"बोल काहीतरी," ती म्हणाली.

"मी कुठे काय बोललो?"

मग सुरू झालो. ती आकडा वाचायची, मी टोक धरायचो, परत मी वाचायचो, ती लिहायची. खांबाचा घेर दोऱ्याने घ्यायचा, मग दोरा टेपवर ठेवायचा. कमानीची उंची ओळंब्याने. दोन खांबांमधल्या एका गाळ्याची रुंदी दोनदा मोजली, दोनदा वेगळी आली. तिला वाटलं दगड चुकलाय. टेपला झोळ पडला होता, मी ताणून धरली नव्हती. दगडाला दोष देण्याआधी टेपवाल्याकडे बघावं.

तासाभराने सूर लागला आणि मग इमारत दिसायला लागली. मोजल्याशिवाय इमारत दिसत नाही, हे माझं जुनं मत. लांबून ती परदेशी वाटते. पडवीत चार तास काढले की समजतं, ही आपल्या हवेसाठी बांधली आहे. भिंत आणि ऊन यांच्यामध्ये ही कमानींची रांग उभी आहे. आतल्या खोलीच्या भिंतीला ऊन थेट लागतच नाही, पावसाची झड पडवीतच अडते. कोपऱ्यातला गोल जिनासुद्धा बंद नाही. भिंतीऐवजी बारीक खांब आणि खांबांमधून वारा. विलायतेत असा जिना उघडा ठेवला तर लोक गारठून मरतील. आपल्या कोकणातल्या घराची पडवी आणि सोपा जे काम करतात तेच इथे टोकदार कमानी करतात. स्कॉट साहेबांना मुंबईचा उन्हाळा माहीत नव्हता, पण कोणीतरी तो त्यांना लिहून कळवला असणार, किंवा त्यांनी नीट विचारला असणार. नकाशा काढणाऱ्याने विचारणं ही दुर्मिळ गोष्ट आहे, त्यासाठी त्यांना माझा नमस्कार.

दुपारी बहिणीने दिलेला डबा खाल्ला आणि वर ग्रंथालयात जाऊन आलो. वाचनाची लांबलचक खोली, वर गाडीच्या टपासारखं वळलेलं सागवानी छत, दोन्ही बाजूंना रंगीत काचा. २०१५ साली या इमारतीचं आणि मनोऱ्याचं मोठं दुरुस्तीकाम पुरं झालं. वास्तुविशारद बृंदा सोमया होत्या आणि काचांचं काम स्वाती चांदगडकर यांनी केलं. जुनी रंगीत काच दुरुस्त करायची म्हणजे एकेक तुकडा शिशाच्या पट्टीतून सोडवायचा, धुवायचा आणि होता तिथेच परत बसवायचा. भाची छताकडे बघत होती आणि मी वाचणाऱ्या पोरांकडे. परीक्षा जवळ आलेल्या पोरांना छत दिसत नाही.

आता मनोरा. चहा पिऊन त्याच्या पायथ्याशी येऊन बसलो. २८० फूट. खाली चौकोनी, वर गेल्यावर अष्टकोनी होतो, आणि खालच्या ओवरीतून पूर्वी बग्ग्या आत येऊन थांबत. वर जायला सर्वसामान्य माणसाला परवानगी नाही. मी विचारून पाहिलं. पहारेकरी म्हणाला, "काका, मी इथे इतकी वर्षं आहे, मीच गेलो नाही."

पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. सुरतेचे जैन, कापसाचे आणि शेअरचे दलाल, आणि त्या चार-पाच वर्षांत मुंबईचे बिनमुकुटाचे राजे. १८६४ मध्ये त्यांनी ग्रंथालयाला दोन लाख दिले आणि मनोऱ्याला आणखी दोन लाख, आपल्या आईचं, राजाबाईचं, नाव द्यायच्या अटीवर. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर रद्दीच्या भावाला आले आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. प्रेमचंदही बुडाले. पण विद्यापीठाला दिलेला पैसा शाबूत राहिला. सट्ट्यातलं सगळं गेलं, दान दिलेलं तेवढं उरलं. इमारतीला हात लागला तो बाजार झोपल्यावर: १ मार्च १८६९ ला मनोऱ्याचा पाया, नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पुरं. खर्च साडेपाच लाखांच्या आसपास. स्कॉट साहेब त्याच वर्षी मार्चमध्ये वारले. आपण कागदावर काढलेला मनोरा उभा राहिल्याची बातमीसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

इथे प्रत्येकजण एक गोष्ट सांगतो. पहारेकऱ्यानेही सांगितली. प्रेमचंदांची आई आंधळी होती. जैनांना सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, वेळ कशी कळणार? म्हणून मुलाने घंटेचा मनोरा बांधला. गोष्ट गोड आहे. पण मी हिशेबी माणूस. मुंबईत थंडीत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर सव्वासातला. घड्याळाचे टोले काही सूर्यासोबत सरकत नाहीत. त्या माउलीला घरातल्या कोणी "आई, पानं वाढली" अशी हाक मारली तर साडेपाच लाख वाचले असते. भाचीला हे बोलणं आवडलं नाही. "मामा, तू ना, सगळ्याचं एस्टिमेट काढतोस."

घड्याळाची खरी गोष्ट त्याहून मजेशीर आहे. तेव्हा प्रत्येक शहराची वेळ आपापली होती. मुंबईची वेळ मद्रासच्या सुमारे अर्धा तास मागे. रेल्वे आणि तारखातं मद्रासच्या वेळेवर चाले. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी ठरवलं की मुंबईनेही मद्रासची वेळ पाळावी. लोक भडकले. आमचा सूर्य आमच्या डोक्यावर येतो तेव्हाच आमचे बारा, असा एकंदर सूर. विद्यापीठाच्या सिनेटनेही या मनोऱ्यावर मुंबईची वेळ ठेवायची असा कौल दिला. सरकारने यावर काय करावं? रात्री घड्याळामागे दिवे लावायचा खर्च द्यायला नकार दिला! एवढी मोठी सल्तनत आणि भांडण दिव्याच्या तेलावर. शेवटी १८८३ मध्ये सरकारच नमलं. पुढे १९०६ मध्ये देशभर एक वेळ आली, तरी मुंबईची महापालिका आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत धरून बसली होती. गावाकडे आम्ही मुंबईकरांना घाईचे समजतो.

पूर्वी या मनोऱ्यातून सोळा वेगवेगळ्या सुरावटी वाजायच्या, त्यांत ब्रिटिशांचं राष्ट्रगीतही होतं. आम्ही बसलो होतो तेव्हा पावणेपाचचे टोले पडले. आवाज इतका मोकळा होता की रस्त्यावरच्या हॉर्नच्या मधून वाट काढत आला.

आणि मग भाचीने दुर्बीण काढली.

"वर बघ. कोपऱ्यांवर माणसं आहेत."

चोवीस पुतळे आहेत. काही जमिनीपासून तीसेक फुटांवर, बाकीचे थेट वर शिखराभोवती. संत नाहीत, राजे नाहीत, देवदूत नाहीत. पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींची माणसं, आपापल्या पोशाखात. युरोपात या जागी कोणत्या तरी संताने किंवा राजाने हात उंचावलेला असतो. इथे पगड्याच पगड्या! आम्ही अर्धा तास पगड्यांवरून माणसं ओळखायचा खेळ खेळलो आणि चहाच्या पैजेवर भांडलो. ती एकाला गुजराती व्यापारी म्हणे, मी त्याला आमच्या पेठेतला सावकार म्हणत होतो. तेव्हाच्या इंग्रजांना माणसांचे असे जातवार नमुने मांडायची फार हौस, हेही खरं. पण घडवणाऱ्या हाताने नमुने घडवलेले नाहीत. धोतराच्या निऱ्या ज्याने रोज पाहिल्या आहेत त्यालाच त्या तशा पाडता येतात.

तो हात कोणाचा? त्या जुन्या इंग्रजी मार्गदर्शिकेत नाव आहे: रावबहादूर मुकुंद रामचंद्र, असिस्टंट इंजिनिअर. पुतळ्यांचे नमुने त्यांनी तयार केले. मी ते वाक्य भाचीला दोनदा वाचायला लावलं. असिस्टंट इंजिनिअर, सार्वजनिक बांधकाम खातं. म्हणजे आमच्या खात्यातला माणूस! आयुष्यभर मला वाटत आलं की आमच्या खात्याने मोऱ्या, कठडे आणि शासकीय विश्रामगृहं यांपलीकडे काही केलं नाही. आणि इथे खात्यातला एक माणूस डोळे वर करून बघावी अशी माणसं २८० फुटी मनोऱ्यावर उभी करून गेला. लंडनहून आलेल्या कागदावर त्या कोनाड्यात कोण उभं राहणार हे ठरलेलं असो वा नसो, उभं कोणाला आणि कसं करायचं ते साइटवर ठरलं.

पाचच्या पुढे शिपाई किल्ल्या वाजवायला लागला. मोजमापांच्या चौदा पानांवर तारीख टाकली, दोघांनी सह्या केल्या. सही नसलेलं मोजमाप ग्राह्य नाही, हे मी तिला बजावून सांगितलं.

तिसरा दिवस

रविवार. आवार बंद, पण आम्हाला लांबूनच बघायचं होतं.

आधी टाउन हॉल, कारण चौघा पदवीधरांची जागा बघायची मला हुरहुर होती. आता तिथे एशियाटिक सोसायटी आहे. १८३३ ची इमारत, ग्रीक धर्तीचे जाड खांब आणि तीस पायऱ्या. पायऱ्यांवर लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांची रांग होती. रानडे या पायऱ्या चढले असतील, एवढं मनाशी म्हणून परतलो. पुढे याच रानड्यांना आपल्याच विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून आयुष्यभर खटपट करावी लागली. संस्कृत चालेल, लॅटिन चालेल, बोलली जाणारी भाषा नको, असा तेव्हाचा खाक्या. त्यांचा धीर दांडगा होता.

येताना काळा घोड्यावरून आलो. विद्यापीठाच्या पाठीशी महात्मा गांधी रस्त्यावर जुन्या इमारतींची रांग आहे आणि तिच्या टोकाला एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. भाची मला मुद्दाम तिथे घेऊन गेली. त्याचा सगळा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, बोटीने आणून, १८६०च्या दशकाच्या अखेरीस इथे जोडला. पोरं मेकॅनोचा खेळ जोडतात तसा. लुमिएर बंधूंचे सिनेमे १८९६ मध्ये हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवले गेले ते याच हॉटेलात. एका बाजूला अख्खी इमारत बोटीने आली, आणि पाठीला पाठ लावून दुसरी, जिचा फक्त कागद आला. पहिलीची अवस्था बघवत नाही. बीड गंजलं की तसं दुसरं आणायचं कुठून? दगडाचं बरं असतं, कुर्ल्याचा झिजला तर मालाडचा बघता येतो आणि घडवणारा निदान याच देशात सापडतो.

ओव्हलवर पोचलो तेव्हा मैदानात एकाच वेळी वीसेक क्रिकेट सामने चालू होते. एकाचा पॉइंट दुसऱ्याचा मिडऑन. मैदानाच्या मधोमध उभं राहून एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला बघावं. पूर्वेला ओळीने जुनं सचिवालय, विद्यापीठ आणि हायकोर्ट, सगळी १८७०च्या दशकातली, टोकदार आणि काटेरी. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोल गॅलऱ्या, गुळगुळीत कोपरे, जहाजासारख्या. मैदान म्हणजे साठ वर्षांची दरी आणि त्यात पोरं बॉल शोधताहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा ठरवलं.

पश्चिमेच्या इमारती उभ्या आहेत ती जमीनच मनोरा बांधला तेव्हा नव्हती. मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे समुद्र. म्हणजे बोटीतून येणाऱ्याला राजाबाईचा मनोरा मुंबईच्या कपाळावरच्या गंधासारखा दिसत असणार. ज्या भरावाच्या धंद्यात प्रेमचंद बुडाले तो समुद्र पुढे लोकांनी हटवलाच, पण त्यांचा मनोरा मागच्या रांगेत गेला.

एका झाडाखाली बसलो. भाचीने मांडीवर फळी घेऊन पडवीचा कच्चा नकाशा सुरू केला. मापं मी वाचत होतो. "गाळा तिसरा, रुंदी..." दीड तासात कमानी कागदावर उभ्या राहिल्या. रेघ चांगली आहे पोरीची. मी तसं बोललो नाही, डोक्यावर बसतात.

मग ती खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे वळली. नकाशावर ही चौकट मला सगळ्यात प्रिय. आमच्या खात्यात तिच्यात कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं सगळ्यांची नावं येत, आणि मंजूर करणाऱ्याचं नाव नेहमी सगळ्यात ठळक. तिने लिहिलं: इमारत, मुंबई विद्यापीठ ग्रंथालय. वास्तुविशारद, सर गिल्बर्ट स्कॉट. मोजमाप, स्वतःचं नाव आणि त्याखाली माझं.

"स्कॉटच्या खाली एक ओळ सोड," मी म्हणालो.

तिला काय ते कळलं. लिहायला लागली. रावबहादूर मुकुंद रामचंद्र, असिस्टंट इंजिनिअर. मग पेन्सिल उचलून माझ्याकडे बघितलं.

"रामचंद्र वडिलांचं नाव असेल ना? आडनाव काय?"

"पुस्तकात तेवढंच आहे."

"मग?"

"जागा ठेव."

तिने 'रामचंद्र'च्या पुढे बोटभर जागा सोडली आणि स्वल्पविराम दिला.